उदगीरची गाडी आणि दोन पळ्या खुबानी

तातेराव सोनकांबळेला मी पाडला. ढकलून नव्हे, वाढून.

गोष्ट फेब्रुवारी २०१५ची. हैदराबादेत, अंबरपेठेत आमच्या गच्चीवर मुलीच्या साखरपुड्याची पंगत बसली होती. मुलाकडची माणसं भालकीहून आलेली, म्हणजे खाण्यात कच्ची नव्हती. मी खुबानी-का-मीठ्याची, म्हणजे शिजवलेल्या गोड जर्दाळूंची, बादली घेऊन पानापानावर वाकत होतो. आमच्याकडं पाहुणा एकदा ‘नको’ म्हणतो ती रीत, दुसऱ्यांदा म्हणतो ती भीड. तिसऱ्यांदा तो पानावर दोन्ही हात आडवे धरतो. वाढणाऱ्याचं कसब दिसतं ते तिथं. हात न हलवता, बोटांच्या फटीतून नेम धरून पातळ पदार्थ खाली सोडायचा. माझे वडील असं बासुंदी वाढायचे आणि पाहुण्याच्या अंगठीलासुद्धा शिंतोडा लागत नसे. माझा हात काही तेवढा तयार नाही, पण खुबानी दाट असते, नेम सापडतो.

शेवटून तिसऱ्या पानावर आमचा शेजारी तातेराव बसला होता. त्याच्या पोटाचं, वजन कमी करायचं ऑपरेशन झालेलं मला चांगलं ठाऊक होतं. तो नुसता सोबतीला बसला होता, पुढं एक इवलीशी वाटी. त्यानं एकदा नको म्हटलं, दोनदा म्हटलं, मग वाटीवर पंजा ठेवला. मी मनात हिशेब केला की पाच-सहा महिने उलटले, एवढ्यात मोडलेला पायसुद्धा चालायला लागतो. “माझ्या लेकीच्या नावानं,” असं म्हणून मी त्याच्या बोटांमधून दोन पळ्या खुबानी खाली सोडली.

त्यानं ती खाल्ली. का खाल्ली ते पुढं सांगतो. तासाभरानं, विड्याचं तबक फिरत असताना, तातेराव घामानं निथळला, त्याचे हात कापायला लागले, आणि तो मांडववाल्याच्या एकावर एक रचलेल्या खुर्च्यांवर आडवा झाला. खुर्च्या भालकीच्या व्याह्यांवर गेल्या. साखरपुड्याला १०८ची गाडी दारात आलेलं अंबरपेठेतलं पहिलं घर बहुधा आमचंच.

आता मुळापासून सांगतो.

तातेराव महामंडळाच्या बसवर ड्रायव्हर. बावीस वर्षं नोकरी, त्यातली चौदा हैदराबाद-उदगीर या एकाच गाडीवर. गौलीगुड्याच्या मोठ्या स्टँडवरून सकाळी निघायचं, संगारेड्डी, जहिराबाद, बिदर, भालकी करत उदगीरला पोचायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. उदगीरजवळच त्याचं गाव. त्यामुळं ही गाडी म्हणजे त्याची नोकरीही होती आणि माहेरपणही. वाटेवरच्या गावांतली म्हातारी माणसं त्याला पाहून स्टँडवर उठून उभी राहायची. कुणाची औषधं, कुणाच्या लोणच्याच्या बरण्या, एकदा तर कुणाचा चष्मा इकडून तिकडं त्यानं पोचवला. तो बोलतो कमी. पण गाडीच्या आवाजावरून कुठला नट ढिला झालाय ते सांगतो.

वजन मात्र एकशे बेचाळीस किलोवर गेलं होतं. आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच. तो घोरायला लागला की आमच्याकडच्या मांडणीतली भांडी त्याला साथ द्यायची. आम्हाला त्याची सवय झाली होती. आम्ही घाबरायचो ते घोरणं मधेच थांबलं की. मी आणि घरचे श्वास धरून बसायचो, आणि मग पलीकडून एकदम धक्का मारून सुरू केलेल्या इंजिनासारखा आवाज यायचा. तो आजार आहे हे तेव्हा आम्हाला कुठलं कळायला? आम्ही हसायचो.

२०१४च्या जानेवारीत जहिराबादजवळच्या रेल्वे फाटकाशी गाडी उभी होती. मालगाडी गेली, फाटक उघडलं, पण तातेरावची गाडी हलेना. मागून हॉर्न वाजायला लागले तेव्हा कंडक्टर उमाजी पुढं आला. पाहतो तर तातेराव स्टीअरिंगला पोट टेकवून गाढ झोपलेला. उमाजीनं गुंडाळलेल्या पेपरनं खांद्यावर टकटक केलं, तातेराव जागा झाला, गिअर टाकला, गाडी बिनबोभाट उदगीरला गेली. एकाही प्रवाशाला पत्ता लागला नाही. उमाजी शपथेवर गप्प राहणार होता.

दुसऱ्या दिवशी परत आल्यावर तातेराव सरळ डेपो मॅनेजरसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “साब, कल मैं गाडी पे सो गया.”

मॅनेजर म्हणे खुर्चीतून उठलाच. आपल्या सगळ्या नोकरीत असं येऊन सांगणारा ड्रायव्हर त्यानं पाहिला नव्हता. मी तातेरावला नंतर विचारलं की हे सांगायची काय गरज होती. तो म्हणाला, मागं बावन्न माणसं होती. एवढंच.

झोपेची तपासणी झाली. झोपेत त्याचा श्वास तासाला तीसचाळीस वेळा अडकत होता, म्हणून दिवसा डोळा लागायचा. तोंडावर लावायला नळीचं यंत्र मिळालं. ते तो झोपेतच उपटून टाकायचा, सकाळी उशाखाली सापडायचं. महामंडळाच्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की वजन उतरेपर्यंत स्टीअरिंगला हात लावायचा नाही. त्याला स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसवलं.

वजन उतरवायला मग सगळं अंबरपेठ पुढं आलं. कुणी मधपाणी सांगितलं, कुणी उलट्या पावलांनी चालायला सांगितलं. मी मेथीचं पाणी सांगितलं, कारण मला तेवढंच येतं. गल्लीतल्या एका तेलुगू ‘अन्ना’नं रोज सकाळी कच्चा दुधीरस आणून दिला आणि तो तातेराव पितो की नाही हे बघायला समोर उभा राहिला. दोन महिन्यांत तातेरावचं वजन तीन किलो उतरलं आणि उगादी ते भीमजयंतीच्या मधल्या पंधरवड्यात चार किलो वाढलं. तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं सुचवलं. पोटातली जठराची पिशवी कापून पाचवा हिस्सा ठेवायचा, बाकीची काढून टाकायची.

त्या दिवसांत आमच्या सरकारी ऑफिसातही कापाकापीच चालली होती. जूनपासून एका राज्याची दोन झाली आणि आम्ही कपाटं, खुर्च्या, पंखे अठ्ठावन्न-बेचाळीसच्या प्रमाणात वाटत होतो. एक भिंतीवरचं घड्याळ कुणाच्या वाट्याला जाईना म्हणून तीन दिवस फाईल फिरली. मी तातेरावला म्हटलं की आमच्या वाटणीत निदान बेचाळीस टक्के तरी हाती येतात, तुझ्या वाटणीत वीसच राहतील, जरा विचार कर. तो हसला नाही. तो खरंच विचार करत होता.

त्याच्या घरात याला कुणाचाच होकार नव्हता. बायको सखू म्हणायची, मी जेवण कमी करते, कापायचं कशाला? फार्मसी शिकणारी मुलगी मोबाईलवर इंग्रजीत वाचून दाखवायची आणि मधेच तेलुगूत मैत्रिणीशी बोलायची, त्यामुळं घरात अर्धवट माहिती तीन भाषांत जमा झाली होती. पण मोठा अडथळा होता तो आईचा. केसरबाई खास उदगीरहून आली, त्याच गाडीनं, दुसऱ्या ड्रायव्हरच्या हातून. पोराच्या समोर बसली आणि म्हणाली, “बहात्तरच्या दुष्काळात तुला पाठीला बांधून मी खडी फोडली. सुकडी कालवून तुला जगवला. आपल्या घरात पोट भरायला तीन पिढ्या गेल्या, तातू. आन् तू ते कापून टाकायलास?”

मी तिथंच होतो. अशा वेळी उठून जावं हे मला सुचत नाही, म्हणून मी तिथंच असतो. तातेराव म्हणाला, “पोट भरलंय, माय. आता गाडी चालवायचीय.”

त्याचं मन कशानं ठरलं ते मला पुढं उमाजीकडून कळलं. त्या आठवड्यात तातेराव खिडकीत बसला असताना एका बाईनं विचारलं की उदगीरची गाडी कधी लागते. तो वेळ सांगत होता तेवढ्यात तीच गाडी त्याच्या डोळ्यांसमोरून बाहेर पडली, आणि नव्या ड्रायव्हरनं दुसऱ्याचा तिसरा गिअर टाकताना करकर आवाज केला. तातेरावनं म्हणे खिडकीच्या आत बसल्या जागी डावा पाय दाबला, क्लचवर दाबावा तसा. बाई विचारत राहिली. त्याच दिवशी त्यानं दवाखान्यात फोन केला.

ऑपरेशन ऑगस्टअखेर झालं. पोटावर पाच बारीक भोकं, तिसऱ्या दिवशी घरी. ते सोपं होतं. अवघड होतं ते पुढचं.

पहिले पंधरा दिवस गाळलेलं वरण, पातळ ताक, दर दहा मिनिटांनी एक घोट. नंतर कुस्करलेलं, मग मऊ, मग आपलं नेहमीचं, पण किती? मुलीच्या उष्टावणाच्या वेळी आणलेली चांदीची वाटी सखूनं ट्रंकेतून काढली. तेवढी वाटी भरली की जेवण संपलं. घास तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास पाणी नाही. गोड तर नाहीच. गोळ्या मात्र जन्मभर. ड्रायव्हर माणूस, धाब्यावर दहा मिनिटांत ताट मोकळं करून गाडीकडं धावायची सवय. त्याला अर्ध्या भाकरीला चाळीस मिनिटं लागायला लागली. पहिल्या महिन्यात तो ताटासमोर असा बसायचा, जसा मी परीक्षेत गणिताच्या पेपरासमोर बसायचो.

सखूचे हात ऐकेनात. बावीस वर्षं तिनं सहा भाकरींचं पीठ मोजलं होतं, हाताला ते मापच पाठ. परात पुढं ओढली की सहाच भाकरी व्हायच्या. अर्धी तातेरावची, दोन माय-लेकींच्या, उरलेल्या भिंतीपलीकडं आमच्याकडं. सोबत पिठलं, शेंगदाण्याची चटणी, कधी वांगं. आम्ही नको म्हणत नव्हतो. तातेरावचं सेहेचाळीस किलो वजन गेलं, त्यातलं साडेचार माझ्याकडं आलं. पण एक दिवस सखू आमच्या घरच्यांजवळ येऊन रडली. म्हणाली, मी रांधते त्याकडं हे बघतसुद्धा नाहीत, घड्याळ बघून खातात. पुढं तिनं आपलं आपणच ठरवलं आणि त्याच्याबरोबर जेवायला बसायला लागली. पूर्वी ती त्याचं जेवण उरकल्यावर मग स्वतः जेवायची. आता तो चाळीस मिनिटं बसतोच आहे तर मधे तिचंही होतं. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं समोरासमोर जेवायला लागली. तिनं हे सांगितलं तेव्हा तक्रार केल्यासारखंच सांगितलं.

बाहेरच्यांनी त्याला जास्त छळलं. अफझलगंजच्या शिंप्यानं खाकी वर्दी तीनदा आत घेतली आणि चौथ्यांदा कापड संपलं म्हणून हात जोडले. केस गळाले, गालांची कातडी लोंबली, भर उन्हात थंडी वाजायला लागली. ओळखीचे लोक बाजूला घेऊन विचारायचे, क्या भाई, शक्कर है क्या? कुणी हळूच सखूला विचारायचं, डॉक्टरनं किती दिवस सांगितलेत? लठ्ठ होता तेव्हा त्याच्याबद्दल कुणाला काळजी नव्हती. आणि जिथं जाईल तिथं पान वाढलेलं. आपल्या लोकांत माणूस कमी जेवला की यजमानाचा अपमान होतो, मग पाहुण्याच्या आतड्याचं काही होवो. तो सगळ्यांना एकच वाक्य सांगायचा, की नको म्हणलं की नकोच असतंय. लोकांना ती पहिली पायरी वाटायची.

आणि आता खुबानी त्यानं का खाल्ली ते. केसरबाईच्या घरात पानात पडलेलं टाकत नाहीत. दुष्काळानं घातलेला दंडक आहे. नको असेल तर घेऊ नका, पण पडलं की संपवायचं. म्हणून तर तो पंजा आडवा धरून बसला होता. माझी रीत आणि त्याच्या आईची रीत त्या वाटीत एकमेकींवर आदळल्या आणि तातेराव खुर्च्यांवर पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी समजावलं की कापलेल्या पोटातून गोड पदार्थ थांबत नाही, धाडकन पुढं उतरतो, रक्तातली साखर एकदम चढते आणि तितकीच एकदम पडते. तासा-दोन तासांत माणूस ठीक झाला. पण चार दिवसांनी, सोमवारी, तातेरावची तपासणी होती. झोपेचा आजार जवळजवळ गेला होता, वजन शहाण्णव. त्या तपासणीत पास झाला असता तर मार्चमध्ये तो उदगीरच्या गाडीवर चढला असता.

मी रविवारी त्याच्याकडं गेलो. मनातलं सरळ सांगितलं. चक्कर आली ती माझ्या घरी, माझ्या चुकीनं. महामंडळाला ते कळायचं कारण नाही. दवाखान्याचा कागद तुझ्या घरात आहे, तो घरातच राहू दे. पुन्हा तू खुबानीला शिवणारही नाहीस. मग सांगून काय मिळणार? सखू दारात उभी होती, तिनं मला अडवलं नाही, म्हणजे तिचंही तेच मत होतं.

तातेराव चांदीची वाटी पुसत होता. म्हणाला, “पडलो व्हय का नाही?”

पडलास, मी म्हटलं.

“मग झालं.”

सोमवारी त्यानं कागद डॉक्टरबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, आणि सहा महिन्यांनी या म्हणाल्या. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या हातात बावन्न माणसं देता येत नाहीत. त्यांचं काही चुकलं नाही. तातेराव पुन्हा चौकशीच्या खिडकीत जाऊन बसला.

ते सहा महिने मला फार जड गेले. त्याला किती गेले ते त्यानं सांगितलं नाही. मी गौलीगुड्याकडून जायचं टाळायला लागलो, आणि गेलोच तर खिडकीच्या दुसऱ्या बाजूनं. तो मात्र ठरल्या वेळी वाटी काढायचा, ठरल्या वेळी पाणी प्यायचा, सकाळी चार किलोमीटर चालायचा, आणि जाताना आमच्या दारावर टकटक करून मलाही ओढून न्यायचा. माझे साडेचार किलो त्यात परत गेले. चालताना मी माफीचं वाक्य जुळवायचो. ते तयार होईपर्यंत घर यायचं.

मुलीच्या लग्नात मी वाढायला उभा राहिलो नाही. घरच्यांनी पळीच हातात दिली नाही.

सप्टेंबरमध्ये तो पास झाला. डॉक्टरबाईंनी म्हणे कागदावर सही करताना सहज विचारलं, काही सांगायचं राहिलंय का? तो नाही म्हणाला, आणि त्याच्या नाहीवर त्यांनी ताबडतोब विश्वास ठेवला. सखूचं माप एव्हाना तीनवर आलं होतं, पण त्या दिवशी तिनं पुन्हा सहा भाकरी केल्या, मुद्दाम, आणि उरलेल्या आमच्याकडं आल्या.

पहिल्या फेरीला मी मुद्दाम त्याच गाडीचं तिकीट काढलं. मुलगी भालकीला दिलेली, निमित्त होतंच. गाडीवरचं राज्याचं नाव बदलून नवं रंगवलं होतं, रंगाचा वास अजून जायचा होता. मी ड्रायव्हरच्या मागचीच जागा धरली. तातेराव चढला, सीट पुढं ओढली. आधी ती मागं सरकवून ठेवावी लागायची. पोट आणि स्टीअरिंग यांच्यामध्ये आता वीतभर उजेड होता. दुसऱ्याचा तिसरा गिअर पडला तो मला कळलासुद्धा नाही.

जहिराबादच्या धाब्यावर गाडी थांबली. प्रवासी उतरून जेवायला बसले, तातेरावनं सीटवर बसूनच डब्यातनं वाटी काढली आणि सावकाश, एकेक घास चावत, अर्धी भाकर आमटीत कुस्करून खाल्ली. उमाजीनं वेळेत पंधरा मिनिटं जास्त धरली होती, कुणाला न सांगता. वाटी पुसून डब्यात गेली, गाडी निघाली.

पुढं ते रेल्वे फाटक लागलं. बंद होतं. तातेरावनं इंजिन बंद केलं. उमाजी मागून उठला, सवयीनं गुंडाळलेला पेपर हातात घेऊन तातेरावच्या खांद्याशी येऊन उभा राहिला. तातेरावनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. टक्क जागा. उमाजी ओशाळला, पेपर उलगडून उभ्या उभ्या वाचायला लागला. मालगाडी लांबलचक होती. एवढ्या वेळात मला बोलता आलं असतं, पण मी डबे मोजत बसलो. फाटक उघडलं, गाडी हलली, रुळांवरून धडधडली, आणि तेव्हा कुठं माझं वाक्य तयार झालं. मी पुढं वाकलो. म्हटलं, तातेराव, तुझे सहा महिने माझ्या दोन पळ्यांनी खाल्ले, रोज चालताना सांगीन म्हणतो आणि राहून जातं, मनात काही राग असला तर आज बोलून टाक, मी ऐकून घेईन.

त्यानं आरशात पाहिलं, पण माझ्याकडं नव्हे, मागच्या रस्त्याकडं.

“गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलायचं नाही, हणमंतराव.”